आकडा उतरला, गोळी सुटली

सांगवीत सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींच्या मागे चार पावले चालत राहा. पहिला विषय पाण्याचा निघेल, दुसरा वाहतुकीचा आणि तिसरा हमखास बीपीचा. "परवा दाखवून आलो. एकशे तीसवर ऐंशी! गोळी बंदच करून टाकली." "बरं केलंत. एकदा लागली की सवय लागते त्या गोळ्यांची." बरोबरची मंडळी माना डोलावतात आणि विषय पुन्हा पाण्यावर येतो.

इतक्या सहजपणे घेतलेला हा निर्णय किती महागात पडू शकतो, हे त्या गृहस्थांना त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या दिवशीही कळत नाही. कित्येकदा पाच-सात वर्षे कळत नाही. मग एखाद्या पहाटे उजवा हात उचलत नाही, बोलताना जीभ अडखळते आणि घरात धावपळ सुरू होते. शेजारीपाजारी म्हणतात, "काल तर चांगले फिरत होते हो!" ते खरेच असते. उच्च रक्तदाबाचा माणूस आदल्या दिवशीपर्यंत चांगलाच असतो, हीच या रोगाची खोड आहे.

मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यातले हे गाव. पिंपरीचे कारखाने, खडकीचा दारूगोळा कारखाना, दापोडीची एसटीची कार्यशाळा अशा ठिकाणी नोकऱ्या करणाऱ्यांनी इथे एक-दोन गुंठे घेऊन घरे बांधली आणि जुन्या सांगवीला नवी सांगवी जोडली गेली. ज्यांनी घरे बांधली ते आज निवृत्त आहेत. त्यांची मुले भोसरी, चाकण, हिंजवडीला जातात. रक्तदाबाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पिढ्या अगदी नेमक्या वयात आहेत. बापाचा दाब चढलेला आहे आणि मुलाचा चढू लागला आहे. मुलाने तो मोजलेला नाही, एवढाच फरक.

कोर्स संपला, रोग संपला?

गोळी सोडून देणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो, पण त्याच्या मनातला हिशेब समजून घेतला पाहिजे. सांगवी फाट्याजवळ औंधचे उरो रुग्णालय आहे. क्षयाच्या रुग्णांच्या पिढ्या तिथे उपचार घेऊन गेल्या. तिकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. या परिसराने औषधाचा चमत्कार पाहिला तो असा. जंतू शिरले, औषध दिले, जंतू मेले, माणूस उठून कामाला लागला. औषधाचा 'कोर्स' असतो, तो पुरा करायचा आणि मोकळे व्हायचे, हे आपल्या हाडीमासी भिनले आहे. क्षयाच्या बाबतीत तर 'कोर्स अर्धवट सोडू नका' हे सांगण्यासाठी सरकारने भिंतीच्या भिंती रंगवल्या.

रक्तदाबाला हा हिशेब लागू पडत नाही. इथे मारायला जंतू नाही. बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारणही सापडत नाही. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन, बैठे काम, दारू अशा अनेक गोष्टी मिळून धमन्यांची ठेवण हळूहळू बदलते. गोळी ती ठेवण कायमची दुरुस्त करत नाही. ती घेतलेल्या दिवसापुरता दाब आवरून धरते. तेव्हा १३०/८० हा आकडा रोग गेल्याचा दाखला नव्हे. गोळी कामावर हजर असल्याची ती नोंद आहे.

यात आणखी एक चकवा आहे. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. तिचे निम्मे प्रमाण उतरायलाच तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवसांनी दाब मोजला तर तो बऱ्यापैकी ताब्यात दिसतो. "बघा, गोळीशिवायसुद्धा नॉर्मल!" असे म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि पुन्हा मोजायला जात नाही. दाब मात्र पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत आपल्या जुन्या जागी येऊन बसतो. काही औषधांची गोष्ट याच्या उलट असते. बीटा ब्लॉकर गटातली गोळी एकाएकी बंद केली तर नाडी आणि दाब उसळून वर येऊ शकतात. हृदयविकार असलेल्याला ते धोक्याचे ठरते. म्हणून कोणती गोळी कशी कमी करायची, हे ठरवण्याची जागा फिरायचा कट्टा नव्हे.

अध्यक्षांचा आकडा

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याला रक्त धमन्यांच्या भिंतीवर आदळते तो वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जो दाब उरतो तो खालचा. सोसायटीच्या पंपाचा दाब वाढला तर नळाला पाणी जोरात येते, सगळे खूश होतात. कुठल्या तरी सांध्यातून गळती सुरू झाली की मग कळते. शरीरातले असे नाजूक सांधे म्हणजे मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या आणि डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या. त्यांना दुखत नाही. डोके दुखले, घोळणा फुटला, चक्कर आली म्हणजे बीपी वाढले, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना काहीही होत नसते आणि डोके दुखणाऱ्या बहुतेकांचा दाब ठीक असतो.

एकेकाळी डॉक्टरांनाही हा रोग रोग वाटत नव्हता. वय वाढले, नळ्या कडक झाल्या, तेव्हा रक्त पोचवायला दाब वाढणारच, किंबहुना तो वाढणे गरजेचेच आहे, असे मानले जाई. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे याचे गाजलेले उदाहरण. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टा परिषदेच्या सुमारास, तो २६०/१५० पर्यंत गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसासाठी त्या वेळच्या वैद्यकाकडे विश्रांती, अळणी जेवण आणि झोपेचे औषध यापलीकडे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही तासांत ते गेले. वय ६३.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी या रोगावरच्या औषधाची एक महत्त्वाची बातमी आली, ती मुंबईहून. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा या आपल्याकडच्या जुन्या वनस्पतीची मुळी देऊन केलेल्या अभ्यासाचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. सर्पगंधेने दाब उतरतो, हे भारतीय वैद्यांना आणि संशोधकांना आधीपासून ठाऊक होते, पण पाश्चात्त्य जगाने कान टवकारले ते या निबंधामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातले रेसर्पिन वेगळे काढले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने काही रुग्णांना उदासी येई, नाक चोंदे. अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. गंमत म्हणजे १९८१ मध्ये बाजारात आलेल्या कॅप्टोप्रिल या औषधाची वाट ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून निघाली होती. आधी सर्पगंधा, मग खरोखरचा सर्प!

सांगायचा मुद्दा असा, की रूझवेल्टना जे मिळाले नाही ते आज सांगवीच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. ते घरात असून घ्यायचे नाही, याला काय म्हणावे?

मोजायचे कसे?

मोजण्यातही गफलती असतात. जिना चढून धापा टाकत गेलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला की आकडा फुगणारच. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत आणि शर्टाच्या बाहीवरून नव्हे. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको आणि लघवी करून आलेले असावे. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, लहान पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवतो.

दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर तो उच्च रक्तदाब. घरच्या यंत्रावर ही रेघ थोडी खाली, १३५/८५ ला धरतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली, त्यावर अजून वाद आहेत. पण रेघेचा फार बाऊ करू नये. सुमारे दहा लाख लोकांच्या माहितीवरून २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की चाळीस ते सत्तर या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की हृदयविकार आणि अर्धांगवायूने मरण्याचा धोका दुपटीने वाढतो. म्हणजे १३८ वाला सुटला आणि १४२ वाला सापडला, असे काही नसते.

हल्ली घरोघरी बॅटरीवरचे यंत्र आले आहे. चांगलेच आहे. फक्त दर तासाला मोजून घाबरणाऱ्यांनी ते आठवडाभर कपाटात ठेवावे. एकट्यादुकट्या आकड्याला घाबरून जास्तीची गोळी घेणे हे गोळी सोडण्याइतकेच वाईट. मात्र दाब १८०/१२० च्या पुढे आहे आणि छातीत दुखते, दम लागतो, तोंड वाकडे होते, हात-पाय लुळा पडतो किंवा बोबडी वळते, असे असेल तर गोळी शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

पानातले मीठ

आपल्याकडे ताट वाढताना पहिल्यांदा वाढतात मीठ. पानाच्या डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचे. उजवीकडची आमटी-भाजी मिठाची असतेच, वर ही डावी बाजू. त्यात सूनबाई डॉक्टरांचे ऐकून आमटीत मीठ बेताने घालते आणि सासरे पहिल्याच घासाला "अळणी आहे" म्हणून चिमूट सोडतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळे आले.

पाच ग्रॅम मोजायला तराजू कशाला? चौघांच्या घरात प्रत्येकी पाच ग्रॅम म्हणजे दिवसाला वीस. एक किलोची पिशवी पन्नास दिवस टिकायला हवी. ती महिन्यातच संपत असेल तर घरातले मीठच माणशी आठ ग्रॅमवर गेले. फरसाण, वेफर्स, खारी, पाव, बिस्किटे, तयार सूप आणि टपरीवरचा वडापाव यांचे मीठ वेगळे. पापड-लोणच्याच्या बरण्यांचे तर विचारूच नका, वर्षाचे मीठ उन्हाळ्यातच भरून ठेवलेले असते.

मीठ बदलून आपली फसवणूक करू नये. उपासाचे शेंदेलोण किंवा महागडे गुलाबी मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि साध्या पाकिटातले आयोडीन त्यात घातलेले नसते. काही सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेल्या मिठाचा मात्र खरा उपयोग दिसला आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, रक्तात पोटॅशियम वाढणे जिवावर बेतू शकते.

आणि दाब वाढवणाऱ्या काही वस्तू तर औषधाच्या कपाटातच असतात. गुडघे दुखतात म्हणून महिनोन् महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. पाण्यात फसफसणारी पित्ताची पूड, जिच्यात सोडियम भरपूर. खोकल्याला चघळायचे जेष्ठमध, जे घरगुती म्हणून निर्धास्तपणे रोज घेतले तर दाब वाढवते. डॉक्टर "आणखी काही घेता का?" असे विचारतात तेव्हा हे सगळे सांगायला हवे. आपण सांगत नाही, कारण आपल्या लेखी ते औषधच नसते.

शिफ्ट आणि घर

या पट्ट्यातल्या माणसाचा दिवस तीन शिफ्टमध्ये कापलेला असतो. रात्री झोपेत रक्तदाब साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, ती धमन्यांची सुट्टी. रात्रपाळी करून दिवसा कोंदट खोलीत चार तास तुटक झोपणाऱ्याला ही सुट्टी पुरी मिळत नाही. त्यात जागे राहण्यासाठी तंबाखूची गोळी आणि कटिंग, घरी येताना टपरीवर काहीतरी तळलेले. पाळी बदलणे कामगाराच्या हातात नसते, हे खरे. खोलीत अंधार आणि मोबाइल दूर, एवढे हातात असते. घोरणे फार असेल आणि मधेच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, न उतरणाऱ्या दाबाचे मूळ कधीकधी तिथे सापडते.

पण कारखान्यातल्या माणसाचे एक बरे असते. नोकरीला लागताना, पुढे वार्षिक तपासणीत, कुणीतरी त्याच्या दंडाला पट्टा बांधतेच. त्याच्या बायकोच्या दंडाला कोण बांधते? २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के, तर स्त्रियांत २१ टक्के जणांना वाढलेला रक्तदाब किंवा त्यावरचे औषध चालू असल्याचे आढळले. फरक तीन टक्क्यांचाच. तरी 'बीपी' म्हटले की घरात साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. बाईचा दाब मोजला जातो तो बाळंतपणात. त्या वेळी तो वाढला असेल तर बाळंतपणानंतर बहुधा उतरतो आणि सगळे विसरतात. खरे तर अशा स्त्रीला पुढे उच्च रक्तदाबाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि तिने दर वर्षी मोजायला हवे. दात घासायच्या निमित्ताने मिश्री लावणाऱ्या आयाबायांचे वेगळेच. ती तंबाखूच आहे, हे त्यांना कुणी तंबाखू म्हणून सांगितलेलेच नसते.

साताऱ्याने काय केले?

गोळी सुटते ती नेहमी हट्टामुळेच सुटते असे नाही. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. एनॅलाप्रिलसारख्या औषधाने कोरडा खोकला येतो. माणूस डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करतो. सांगितले असते तर दुसरी मिळाली असती, आज पर्याय पुष्कळ आहेत. कुणाचा गोळीचा साठा महिनाअखेर संपतो आणि पगारापर्यंत खंड पडतो. कुणाला गोळ्यांसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. अशा कारणांवर उपदेश चालत नाही, व्यवस्था लागते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आयसीएमआर, केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्यात नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. दवाखान्यात येणाऱ्याचा दाब मोजायचा, ठरलेली दोन-तीनच औषधे ठरलेल्या क्रमाने द्यायची, महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणि शक्यतो घराजवळच्या केंद्रात द्यायच्या आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन करायचा. एवढ्यावर उपचाराखालच्या सुमारे निम्म्या रुग्णांचा दाब ताब्यात राहू लागला. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कार मिळाला. निम्मे म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण जगभरचा हिशेब पाहिला तर उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाचाच दाब ताब्यात असतो, आणि जवळजवळ निम्म्यांना तो आहे हेच माहीत नसते.

त्या कार्यक्रमातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट फोनची. न आलेल्या रुग्णाला कुणीतरी विचारते, "काका, का आला नाहीत?" हे काम घरातही होऊ शकते. आजोबांच्या गोळ्यांच्या पट्टीकडे नातवाने आठवड्यातून एकदा नजर टाकावी. सात हव्या होत्या आणि तीनच गेल्या, तर काय झाले ते विचारावे. रागावून नव्हे. पाय सुजले होते का, गोळ्या संपल्या होत्या का, की फिरायच्या कट्ट्यावर कुणी काही सांगितले?

गोळी कधीच कमी होत नाही, असेही नाही. वजन एक किलो उतरले तर वरचा दाब सरासरी एकाने उतरतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे, दारू बंद, मीठ निम्मे, हे सगळे वर्षभर टिकवले तर काहींची मात्रा डॉक्टर खरोखर कमी करतात, एखाद्याची बंदही करून पाहतात आणि त्यानंतर काही महिने पुन्हा पुन्हा मोजतात. उठताना चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची मात्रा तर कमी करावीच लागते. आणि जे अजून तिशीत आहेत, ज्यांच्या वडिलांना बीपी आहे, त्यांच्यासाठी हीच यादी गोळी लांबवण्याची आहे. त्यांचा सौदा सर्वांत स्वस्त.

दाब वरच्या आकड्यात दहाने जरी खाली ठेवता आला तरी अर्धांगवायूचा धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होतो, असे अनेक चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये दिसले आहे. सांगवी फाट्यावर औंधच्या जिल्हा रुग्णालयात रक्तदाब मोजून मिळतो आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. पुरुषाने जाताना बायकोला बरोबर न्यावे. जुन्या गोळ्यांची पट्टी, जेष्ठमधाची डबी आणि गुडघ्यांच्या गोळ्या एकाच पिशवीत टाकून न्याव्यात.